घरांतील यंत्रें : अडखळणारें व्याख्यान

गेल्या खेपेस या सदरांत विहिरीवरील पंपाविषयीं लिहितांना, विहिरींत पाणी आहे कीं नाहीं हें पाहिल्यावांचून मोटार सोडवूं नये, असें मीं मोठ्या रुबाबानें बजावलें होतें. तो अंक घरीं येऊन पडला त्याच आठवड्यांत मीं आमच्या घरांत नेमकी तीच चूक केली. आणि ती करतांना घरांतील एका मुलास विनाकारण दुखविलें. तेव्हां या खेपेस उपदेशकाच्या आसनावरून थोडें खालीं उतरून लिहिणें भाग आहे.

गोष्ट एका जुन्या लॅपटॉपची आहे. अण्णांनीं, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंनीं, तो २०१३ सालीं घेतला. त्यांत इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर आहे, चार जीबी मेमरी आहे, आणि पडदा १३६६ बिंदू रुंद व ७६८ बिंदू उंच असा आहे. बारा वर्षें त्यानें घरांतील लहानथोरांची सेवा केली. अण्णांचे बँकेचे कागद, वहिनींच्या भिशीचा हिशेब, मुलांचे शाळेंतील प्रकल्प, सर्व त्याच्याच पोटांत. पुढें विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, आणि विंडोज ११ हें आठव्या पिढीच्या अलीकडील इंटेल प्रोसेसरांसच अधिकृतपणें आपल्या पंगतीस बसूं देतें. नवें यंत्र घ्यावें असा विषय निघाला. परंतु त्याच वर्षीं माडीचें छप्पर उतरवून घालावें लागलें होतें, आणि चाळीस हजारांचा आंकडा ऐकून अण्णांनीं चष्मा काढून ठेवला. तेव्हां मींच पुढाकार घेऊन दिवाळीनंतर त्या यंत्रावर लिनक्स मिंट बसविलें. लिनक्सचा आरंभ १९९१ सालीं लिनस टॉर्व्हाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्यानें केला. तें फुकट मिळतें, आणि त्याचे कांहीं प्रकार जुन्या यंत्रांस चांगले मानवतात. घरांत माझी थोडी वाहवा झाली. ती फार दिवस टिकली नाहीं.

अण्णांचा धाकटा मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षांत आहे. आम्ही त्यास घरीं बाळ म्हणतों. गेल्या परीक्षेंत त्याचा एक विषय राहिला. विषय पदार्थांच्या ताकदीचा. तुळईवर भार पडला असतां ती कोठें वांकेल आणि किती वांकेल याचें गणित. वर्गांत शिकविलेलें त्याच्या डोक्यांत शिरलें नव्हतें. म्हणून त्यानें एनपीटीईएलचीं व्याख्यानें ऐकण्यास आरंभ केला. हा उपक्रम देशांतील आय. आय. टी. संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनीं मिळून २००३ सालीं चालू केला, आणि त्यांतील व्याख्यानें यूट्यूबवर कोणासहि फुकट पाहतां येतात. जें शिक्षण मिळविण्यास एके काळीं खरगपूर किंवा मद्रास गांठावें लागे, तें आतां ओसरीवर बसून मिळतें, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु आमच्या ओसरीवर तें नीट मिळेना. पहिल्याच आठवड्यांत बाळ मजकडे येऊन म्हणाला, “काका, व्याख्यान अडखळतें. सर बोलत राहतात, पण फळ्यावरचें मागें राहतें. ते तिसऱ्या ओळीविषयीं बोलूं लागतात तेव्हां पडद्यावर पहिलीच ओळ दिसते.”

मी वर्तमानपत्र वाचीत होतों. न वाकतां म्हणालों, “इंटरनेट मंद असेल.” आणि दुसऱ्या दिवशीं आमच्या पुरवठादारास सांगून वेग पन्नास एमबीपीएसवरून दोनशेंवर नेला. महिन्याचें बिल वाढलें; व्याख्यान होतें तसेंच अडखळत राहिलें. मग अण्णा म्हणाले, “तुझ्या त्या फुकट लिनक्सचा गुण आहे हा.” त्यावर मीं लिनक्सचा कैवार घेऊन जें बोललों तें येथें लिहिण्याजोगें नाहीं. आणि शेवटीं, ज्या घरांत नापास झालेला मुलगा असतो त्या घरांत जें व्हावयाचें तेंच झालें. दोष मुलाकडे आला. रात्रीच्या पानावर अण्णा म्हणाले, “ज्याला करावयाचें असतें तो रस्त्यावरच्या दिव्याखालीं करतो. यंत्र अडखळतें हें निमित्त.” मीहि मान डोलावली, इतकेंच नव्हे, तर “आमच्या वेळीं” या शब्दांनीं आरंभ होणारें एक वाक्यहि बोललों. बाळानें भात अर्धा टाकला आणि तो उठून गेला.

त्यानंतर दोन आठवडे त्यानें तक्रार केली नाहीं. तक्रार थांबली म्हणजे दुखणें बरें झालें असें समजणाऱ्या वैद्यांपैकीं मी एक. एके दिवशीं वहिनींनींच मला एकीकडे घेऊन सांगितलें, “भावजी, तो रात्रीं मी झांकपाक केल्यावर माझा फोन मागून नेतो आणि स्वयंपाकघरांत बसून तींच व्याख्यानें पाहतो. एवढ्याशा पडद्यावर गणितें दिसत नाहींत, म्हणून डोळ्यांजवळ धरतो. सकाळीं डोळे लाल असतात. तुम्ही एकदां पाहा ना.”

त्या बोलण्यानें लाज वाटली, हें तर झालेंच. परंतु यंत्रांविषयीं सदर लिहिणाऱ्या माणसास त्याहूनहि अधिक लाज वाटावी अशी गोष्ट त्यांत होती. तोच फोन, तेंच वायफाय, तेंच व्याख्यान. आणि तेथें तें अडखळत नव्हतें! म्हणजे घरापर्यंत पाणी नीट येत होतें. मीं पैसे घालून नळ मोठा केला होता, आणि तुंबलें होतें तें भांडें. इतकेंच नव्हे, बाळाच्या पहिल्याच वाक्यांत रोगाचें निदान होतें: आवाज पुढें जातो, चित्र मागें राहतें. इंटरनेट अपुरें पडलें तर चित्र आणि आवाज दोन्हीं एकदम थांबतात, पडद्यावर गोल चक्र फिरूं लागतें, आणि साठा झाला कीं दोन्हीं पुन्हा चालूं लागतात. आवाज अखंड चालून चित्र मात्र तुटक येत असेल, तर माल घरांत पोंचला आहे, तो उलगडणारा हात थकला आहे, असें बहुधा समजावें. हें मला ठाऊक होतें. पण त्या दिवशीं वर्तमानपत्रांत काय होतें कोण जाणे!

रविवारीं सकाळीं बाळास शेजारीं बसवून लॅपटॉप उघडला. यूट्यूबवर चालू चित्रफितीवर माउसचें उजवें बटन दाबलें असतां एक लहान यादी निघते, आणि तिच्या शेवटीं ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ असा एक पर्याय असतो. ‘पुस्तकी किड्यांसाठीं आंकडे’ असा त्याचा भावार्थ. आमच्यासारख्यांसच हांक मारल्यासारखें वाटतें. तो निवडला कीं चित्राच्या कोपऱ्यांत काळी पाटी येते. तिच्यावरील पुष्कळशा आंकड्यांकडे घरगुती माणसानें दुर्लक्ष करावें. तीनच गोष्टी वाचाव्या. ‘बफर हेल्थ’ म्हणजे पुढील किती सेकंदांचा माल आगाऊ येऊन पडला आहे, तें. ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ म्हणजे आजवरच्या चित्रांपैकीं किती चित्रें दाखवावयाचीं राहून गळून गेलीं, तें. आणि ‘कोडेक्स’ म्हणजे हा माल कोणत्या पद्धतीनें घडी घालून पाठविला आहे, तें.

आमच्या पाटीवर साठा चाळीस सेकंदांहून अधिक होता. कोठार भरलेलें! आणि गळती? पांच मिनिटांत साडेसात हजार चित्रांपैकीं अडीच हजारांहून अधिक गळालीं होतीं. तीन चित्रांतील एक. बाळ त्या आंकड्याकडे बराच वेळ पाहत राहिला. “म्हणजे मी खोटें बोलत नव्हतों,” एवढेंच तो म्हणाला. मीं त्याच्या पाठीवर हात ठेवला. बोलण्यासारखें माझ्याजवळ कांहीं नव्हतें.

आतां गळती कां, तें सांगतों. चित्रफीत म्हणजे सेकंदाला पंचवीस किंवा तीस चित्रें. तीं जशींच्या तशीं पाठविलीं तर सामान्य घरगुती जोडणी पुरणार नाहीं. म्हणून त्यांची घट्ट घडी घालून तीं पाठवितात आणि आपलें यंत्र ती घडी उलगडतें. घडी घालण्याच्या पद्धती अनेक आहेत. एच-२६४ ही २००३ सालची. व्हीपी-नाइन ही गूगलची, २०१३ सालची. आणि एव्ही-वन ही अनेक मोठ्या कंपन्यांच्या संघानें २०१८ सालीं प्रसिद्ध केलेली. नवी पद्धत तेंच चित्र अधिक लहान घडींत बसविते. त्यामुळें पाठविणाऱ्याचा खर्च वांचतो, आणि इंटरनेट तुटपुंजें असणाऱ्या घरासहि लाभ होतो. मात्र घडी जितकी घट्ट तितके ती उलगडण्याचे श्रम अधिक.

जुन्या पिढींतील वाचकांस एक उपमा चटकन कळेल. एखाद्या कचेरींत बाळबोध वाचण्यांत तरबेज असा कारकून आहे. बाळबोध कागद आला कीं तो नजर टाकतांच वाचतो. पुढें वरून हुकूम आला कीं सर्व दप्तर मोडींत येईल. कारकून तोच, डोळे तेच. पण आतां त्यास अक्षर अक्षर लावीत बसावें लागतें, आणि पुढचे कागद टेबलावर सांचतात. आमच्या लॅपटॉपच्या पिढीचे प्रोसेसर २०१२ सालीं बाजारांत आले. त्यांच्या ग्राफिक्सच्या भागांत एच-२६४ उलगडणारें खास मंडल सिलिकॉनमध्येंच घडविलेलें आहे. तें काम तो भाग जवळजवळ न दमतां करतो. व्हीपी-नाइनसाठीं तशी पूर्ण सोय इंटेलनें २०१६ साली निघालेल्या सातव्या पिढींत केली, आणि एव्ही-वनसाठीं २०२० सालच्या अकराव्या पिढींत. आमच्या पाटीवर ‘कोडेक्स’पुढें एव्ही-वन होतें. म्हणजे खास कामगार हात जोडून बसला होता, आणि मुख्य प्रोसेसर एकटा घामाघूम होऊन अक्षरें लावीत होता.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. ‘पूर्वीं याच यंत्रावर सर्व नीट दिसत असे’ ही अण्णांची तक्रार खरी होती, आणि तरीहि यंत्र बिघडलें नव्हतें. यंत्र जसेंच्या तसें होतें. त्यास वाचावयास येणारी लिपि बदलली होती. लिनक्सचाहि त्यांत अपराध नव्हता. घरांत ज्या तिघांवर आळ आला होता, त्या इंटरनेट, लिनक्स आणि बाळ या तिघांपैकीं एकहि दोषी निघाला नाहीं.

उपाय सोपे होते, व त्यांतील पहिला तर अगदींच फुकटचा. बाळानें फळा स्पष्ट दिसावा म्हणून चित्राची प्रत मुद्दाम १०८० ओळींवर नेऊन ठेवली होती. समजूत स्वाभाविक आहे. परंतु आमच्या पडद्यास मुळीं ७६८च ओळी! उरलेल्या ओळी उलगडावयाच्या, आणि मग पुन्हा दडपून लहान करावयाच्या, असा दुहेरी व्यर्थ खटाटोप तें यंत्र करीत होतें. चित्राच्या खालील दांतेरी चाकांतून ‘क्वालिटी’ ७२० केली. फळ्यावरील अक्षरांत डोळ्यांस कांहीं फरक दिसला नाहीं, आणि गळती तेथल्या तेथें अर्ध्याहून कमी झाली. ज्यांचें यंत्र आमच्याहूनहि वृद्ध असेल त्यांनीं ४८० करून पाहावें. भाषण ऐकण्यास, कीर्तन ऐकण्यास तेवढें पुष्कळ होतें.

दुसरा उपाय, माल बाळबोधांतच मागविण्याचा. यूट्यूब एकच चित्रफीत अनेक पद्धतींनीं घडी घालून ठेवतें, आणि आपला ब्राउझर ‘मला अमुक येतें’ असें सांगेल त्याप्रमाणें पाठवितें. तेव्हां ब्राउझरकडून ‘मला व्हीपी-नाइन आणि एव्ही-वन येत नाहीं’ असें सांगवावयाचें. हें निरुपद्रवी असत्य सांगणारी एक लहान जोडणी फायरफॉक्ससाठीं मिळते. तिचें नांव इंग्रजी एच, मग २६४ हा आंकडा, मग आय-एफ-वाय, असें सर्व जोडून लिहितात. ती बसवून पान पुन्हा उघडलें कीं पाटीवर ‘कोडेक्स’पुढें एव्हीसी-वन असें येतें, एच-२६४चेंच तें दुसरें नांव. या पद्धतींत यूट्यूबवर १०८० ओळींपर्यंतच प्रत मिळते, त्यापुढील मिळत नाहीं. पण जुन्या यंत्राच्या घरांत त्याची खंत कोण करतो?

तिसरी पायरी मात्र जरा किचकट आहे, आणि तिच्यांत मीं स्वतः मातीं खाल्ली. बाळबोध कागद आला तरी तो त्या तरबेज कारकुनाच्या टेबलावर जावयास हवा. लिनक्सवर हें काम एक ड्रायव्हर करतो. आमच्या पिढीच्या यंत्रांस ‘आय ९६५’ नांवाचा जुना ड्रायव्हर लागतो. २०१४च्या सुमाराच्या पांचव्या पिढीपासून पुढील यंत्रांस ‘इंटेल मीडिया ड्रायव्हर’ हा नवा चालतो. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टींत इंग्रजींत ‘अबाउट’, मग विसर्गासारखीं दोन टिंबें, मग ‘सपोर्ट’ असें जागा न सोडतां लिहिलें कीं एक लांबलचक पान उघडतें. त्यांत कोणती पद्धत यंत्राचें खास मंडल उलगडतें व कोणती मुख्य प्रोसेसर, याचा तक्ता असतो. आमच्या तक्त्यांत एच-२६४पुढेंहि खास मंडलाची सोय नाहीं असेंच होतें! शोधतां कळलें कीं जुना ड्रायव्हर यंत्रांत नव्हताच. कां नव्हता? तर लिनक्स बसविल्यावर जागा मोकळी करण्याच्या उत्साहांत, ज्यांचीं नांवें कळलीं नाहींत अशीं पांचसहा पुडकीं मींच काढून टाकलीं होतीं. मिंटच्या सॉफ्टवेअरच्या भांडारांतून तें पुडकें परत आणलें, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलें, आणि तक्त्यांत एच-२६४पुढें होकार उमटला. इंटेलच्या ग्राफिक्ससाठीं ही सोय फायरफॉक्सनें २०२३ सालच्या ११५व्या आवृत्तीपासून लिनक्सवर आपण होऊनच चालू ठेवली आहे. त्याहून जुना फायरफॉक्स असेल तर आधीं तो नवा करून घ्यावा.

येथें एक इशारा दिल्यावांचून राहवत नाहीं. पुडकें सांपडण्यापूर्वीं अर्धा तास मीं दुसऱ्याच मार्गानें गेलों होतों. कोठें तरी वाचलेल्या सूचनेवरून ब्राउझरच्या गुप्त पर्यायांपैकीं चारपांच बळेंच चालू केले. परिणामीं सबंध पडद्यावर हिरवें शेवाळ पसरलें, आणि पूर्वपदावर येण्यास घाम फुटला. एका वेळीं एकच बदल करावा, तो कागदावर लिहून ठेवावा, आणि पाटीवरील गळती मोजून मगच दुसरा करावा. तसेंच, ‘सुडो’ या शब्दानें आरंभ होणारी आज्ञा म्हणजे सबंध यंत्राच्या किल्ल्या. ती अर्थ कळल्यावांचून कोणाच्याहि सांगण्यावरून टंकूं नये. तिजोरीची किल्ली आपण वाटेवरच्या माणसाच्या हातीं देत नाहीं.

इतकें झाल्यावर तेंच व्याख्यान पुन्हा पहिल्यापासून लावलें. साडेसात हजारांत चाळीस चित्रें गळालीं, तींहि आरंभींच्या दोन क्षणांत. सर बोलत होते आणि त्यांचा हात त्यांच्या बोलण्याबरोबर चालत होता. आई माळ ओढीत शेजारीं बसली होती, ती म्हणाली, “आतां कसा माणसासारखा लिहितोय तो!”

राहिल्या दोन गोष्टी, त्या त्वरेनें सांगतों. व्याख्यान वीस मिनिटें नीट चालून मग अडखळूं लागत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. प्रोसेसर तापला कीं स्वतःस वांचविण्यासाठीं आपला वेग आपणच कमी करतो. खंडेनवमीस आपण यंत्रांस हळदकुंकू वाहतों, झेंडूचें फूल ठेवतों. पण झांकण काढून आंतील धूळ झाडावी हें बारा वर्षांत आमच्या घरांत कोणाच्या मनांत आलें नव्हतें. पंख्याच्या तोंडाशीं लोकरीच्या पट्टीसारखा धुळीचा थर निघाला. यंत्र बंद करून, वायर व बॅटरी काढून, पंख्याचीं पातीं बोटानें स्थिर धरून मऊ ब्रशानें तो काढावा. ज्यांचा हात थरथरतो त्यांनीं दुरुस्तीवाल्याकडे द्यावें, आणि प्रोसेसरवरील वाळलेला उष्णतावाहक लेपहि बदलून मागावा.

दुसरी गोष्ट मेमरीची. चार जीबीमध्यें आजचा ब्राउझर कसाबसा मावतो. वहिनींच्या पाककृतींचीं पानें, अण्णांचीं तीन वर्तमानपत्रें आणि बाळाचें व्याख्यान हीं सर्व एकदम उघडीं ठेवलीं तर यंत्र मेमरींतील सामान तबकडीवर नेऊन टाकतें व पुन्हा आणतें, आणि त्या नेआणींत चित्र थांबतें. व्याख्यानाच्या वेळीं इतर पानें मिटावीं. जुन्या लॅपटॉपांत मेमरीसाठीं पुष्कळदां एक खांच रिकामी असते. तेथें आणखी चार जीबी बसविणें हा खर्च मी योग्य समजतों. जुनी तबकडी काढून एसएसडी घालण्याचा सल्लाहि पुष्कळ लोक देतात. त्यानें यंत्र झटकन उघडतें, हें खरें. पण चित्राची घडी उलगडण्यांत ती कांहींच मदत करीत नाहीं, तेव्हां या दुखण्यावर तो उपाय समजून पैसे घालूं नयेत.

आणि पाटीवर साठाच शून्याकडे जात असेल तर? तर मग माझी पहिली समजूत तुमच्या घरीं खरी ठरेल. यूट्यूबच्याच सांगण्याप्रमाणें १०८० ओळींस सुमारें पांच, ७२० ओळींस अडीच, व ४८० ओळींस सव्वाहूनहि कमी एमबीपीएस पुरतात. म्हणजे पन्नासाची जोडणी असलेल्या घरांत दोनशेंची आवश्यकता क्वचितच पडावी. बहुतेक वेळां जोडणी पुरेशी असते आणि वायफाय दोन भिंतींपलीकडे पोंचत नसतें. यंत्र एकदां राउटरजवळ नेऊन किंवा तारेनें जोडून पाहिलें कीं तें कळतें. आमच्या वाड्यांतल्यासारख्या दीड हात जाड भिंती असतील तर अधिकच.

हें सर्व करूनहि एखादें यंत्र असें निघेल कीं त्यांत एच-२६४ उलगडणारें मंडलच नाहीं, किंवा त्यास आणखी मेमरी घालतां येत नाहीं. तेथें हट्ट धरूं नये. मुलाच्या अभ्यासाचे दिवस यंत्राच्या म्हातारपणापेक्षां मोलाचे आहेत. नवें घ्यावें. परंतु पाटीवरील तीन आंकडे वाचल्यावर घ्यावें.

आमचें इंटरनेट पुढल्या महिन्यापासून पुन्हा पन्नासावर आलें. बाळाची परीक्षा अजून व्हावयाची आहे. रात्रीच्या पानावर मीं अण्णांसमक्ष त्याची माफी मागितली. अण्णा कांहीं बोलले नाहींत, पण त्यांनीं त्याच्या पानांत स्वतःच्या हातानें तूप वाढलें. आतां तो ओसरीवर बसून व्याख्यान पाहतो, आणि चार वाजतां उठून आईच्या कीर्तनासाठीं यंत्र मोकळें करून देतो. झांकण परत बसविल्यावर एक स्क्रू मात्र शिल्लक उरला आहे. तो कोठला, हें आम्हां दोघांसहि अजून सांपडलेलें नाहीं.